बारा व्होल्ट

"बारा व्होल्टनं मुंगी बी मरत न्हाय, नलू. तू उगं माझ्या डोक्यावर उभी राहू नकोस."

दादाचा आवाज ड्रायव्हरच्या मागच्या बाकड्याखालून येत होता आणि बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे दोन पाय. हणमंत, माझा थोरला भाऊ. वीज बोर्डात लाइनमन म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. अकरा हजार व्होल्टच्या तारांशी सगळा जन्म काढलेला माणूस. घरातल्या दोनशे तीस व्होल्टच्या लाइनला तो 'पाळीव' म्हणायचा, मग गाडीच्या बॅटरीतल्या बारा व्होल्टला तो काय किंमत देणार! खेळण्यातल्या मोटारीचे सेल असावेत, तसा तो त्या बॅटरीकडे बघत होता.

गाडी म्हणजे एक म्हातारी व्हॅनिटी व्हॅन. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली. कधीकाळी कोल्हापूरकडच्या शूटिंगला नटनट्यांना घेऊन फिरलेली. आत पलंग, पंखा, हात धुवायला बेसिन आणि भोवती दिवे लावलेला हा एवढा मोठा आरसा. वय झालं तशी ती उतरणीला लागली आणि कराडात मुल्लाभाईंच्या दारात येऊन थांबली. मुल्लाभाई ती लग्नसराईत भाड्यानं देत. माझं ब्युटी पार्लर आहे, त्यामुळे कितीतरी नवऱ्या मी त्या आरशापुढे सजवल्यात. मंगल कार्यालयात नवरीच्या खोलीत नवरी सोडून बाकी सगळी मावतात, म्हणून गाडी बरी पडायची. पण गाडीचा जनरेटर केव्हाच मेलेला. मी ड्रायर लावायचा म्हटलं की मुल्लाभाई मंडपवाल्याच्या हातापाया पडून वायर ओढून आणत.

आता त्या गाडीतून आम्हाला आईला न्यायचं होतं. गुहागरच्या पुढे, तिच्या बहिणीकडे.

आईची फुफ्फुसं चुलीच्या धुरानं आणि जुन्या दम्यानं पार निकामी झाली होती. दिवसरात्र नाकाला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन. ते सारखं फुसफुसायचं. आई त्याला रेडकू म्हणायची. "मी रेडकू पाळलंय का रेडक्यानं मला, काय कळंना झालंय," म्हणायची. रेडकाचा चारा म्हणजे वीज. घरी त्यासाठी इन्व्हर्टर बसवलेला होता, पण कराड ते गुहागर असा लांबचा रस्ता, मध्ये कुंभार्लीचा घाट, तिथे रेडकाला काय घालणार?

आणि जायचं तर होतंच. द्वारकामावशी आईपेक्षा बरीच मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा आईची वेणीफणी करण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं मावशीनं केलं. आमचे वडील घाटावरचे, पण पोफळीच्या वीजघरात कामाला होते, तिथून हे स्थळ जमलं, आणि आई कोकण सोडून घाटावर आली. मावशीचे डोळे पुढे काचबिंदूनं गेले. तिला घाट चढवेना, आईला घाट उतरवेना. फोनवर बोलायचं तर आईला दम पुरत नव्हता. कितीतरी वर्षांत दोघी एकमेकींच्या समोर बसल्या नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, "मशीन एक क्षण बंद पडणार नसेल तर जा. नाहीतर मी हो म्हणणार नाही."

मी ॲम्ब्युलन्सचं सुचवलं तर आईनं झाडलंच मला. "ॲम्ब्युलन्समधनं म्हायेरी गेले तर अख्खी वाडी रडाया गोळा हुईल. मी जिती जाणार हाय."

दादा सुरुवातीला साफ नाही म्हणाला. महिनाभर नाहीच म्हणत होता. मग एका दुपारी तो आईजवळ बसून आला, तोंड धुतलं आणि मला म्हणाला, "नेऊ." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन त्यानं नवा इन्व्हर्टर आणि दोन माणसांनी उचलावी अशी थोरली बॅटरी आणली. मुल्लाभाईंकडे एक जुना, गाडीचाच छोटा इन्व्हर्टर पडून होता. दादानं तो हातात घेऊन परत खाली ठेवला.

"ह्यातनं निघणारी वीज खडबडीत. पंखा गुरगुरल, पण फिरंल. रेडकाचं काळीज नाजूक, त्याला घरच्यासारखीच गुळगुळीत वीज लागती."

"मग गाडीचाच चांगला आणायचा होतास. हा तर घरचा आहे. मागं भिंतीत लावायचा चार्जिंगचा प्लग आहे त्याला. गाडीत कुठनं आणणार भिंत?"

"असू दे," दादा म्हणाला. "असंल तर काय चावतोय?"

मला वाटलं, जन्मभराची सवय. माणसानं घरचे इन्व्हर्टर बघितलेले, तेच आणणार.

बॅटरी त्यानं पुढे, ड्रायव्हरच्या मागे, गाडीच्या जुन्या बॅटरीशेजारी, तिलाच जोडून बसवली, म्हणजे इंजिन चालू असताना ती भरत राहील. इन्व्हर्टर मात्र अगदी मागे, आईच्या पलंगाखाली, म्हणजे रेडकाचा प्लग हाताशी. मधलं अंतर जोडायला माझ्या पार्लरच्या एसीच्या फिटिंगमधून उरलेलं वायरचं भेंडोळं घेतलं.

"पुरंल ही वायर?" मी विचारलं. कारण माझ्या पार्लरमध्ये दोन ड्रायर एकदम लावले की इन्व्हर्टर कसा बोंबलतो हे मी रोज बघत होते.

"हिच्यावर तुझा एसी चालतोय. एसीपुढं ह्ये रेडकू म्हंजे काय? आन् ते बी बारा व्होल्टवर!"

त्यानं खटका टाकला. पंखा फिरला, आरशाभोवतीचे जे चार-दोन दिवे जिवंत होते ते लागले. मुल्लाभाई 'वा वा' म्हणाले. रेडकू लावून बघ म्हटलं, तर ते आईच्या नाकाला. दादा म्हणाला, चालतंय, आणि चहा मागितला.

आम्ही निघालो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. आई पलंगावर उशीला टेकून, पायाशी रेडकू फुसफुसतंय, आणि समोर तो नटीचा आरसा. तिनं स्वतःकडे बराच वेळ बघितलं.

"नलू, एवढ्या नवऱ्या रंगवल्यास, मला बी जरा लिपस्टिक लाव की."

"आई!"

"का? आक्काला दिसतंय कुठं? कुणी नावं ठेवंल म्हणून भ्यायचं कारणच न्हाय."

मी खरंच लावली. अगदी फिकी. दादानं आरशातून बघितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. एरवी त्यानं आईची चेष्टा करून तिला दम लागेपर्यंत हसवलं असतं, पण त्या दिवशी त्याच्या तोंडाला कुलूप होतं. मला वाटलं, मनाविरुद्ध यावं लागलं म्हणून राग आहे. पाटण गेलं, कोयनानगर गेलं. गाडी म्हातारी पण इमानी, इंजिन घरघरत होतं आणि इन्व्हर्टरचा हिरवा दिवा शहाण्यासारखा जळत होता.

घाटाच्या तोंडाशी मात्र गाड्यांची रांग लागलेली. पुढे कुठल्याशा वळणावर एक कंटेनर आडवा झाला होता. आमच्या मागेही बघता बघता ट्रक येऊन उभे राहिले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. सगळ्यांनी इंजिनं बंद केली, तशी मुल्लाभाईंनीही चावी फिरवली. गाडीत शांतता झाली आणि त्या शांततेत पलंगाखालून आवाज आला.

टीं. टीं. टीं.

हिरवा दिवा तांबडा झाला होता. मी खाली वाकते न वाकते तोच इन्व्हर्टरनं एक लांब शीळ घातली आणि रेडकू थांबलं.

अशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. आईनं तोंड उघडून एक श्वास घेतला, मग दुसरा, जरा जास्त कष्टानं. अडीनडीला म्हणून बरोबर घेतलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर कोपऱ्यात बांधून ठेवला होता. मी त्याची चावी फिरवली, नळी काढून त्याला लावली. माझा चेहरा आईला दिसू नये म्हणून मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. काटा बघितला. तासभर जेमतेम निघेल एवढाच होता तो.

दादा पुढून धावत आला. "बॅटरी बसली," म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "रस्ता मोकळा झाला की मागं फिरू. घरी जाऊ."

"मागं कशाला?" आई म्हणाली. "मागं काय हाय? माझं दोघं तर हितंच हायसा."

"आई, मशीन बंद पडलंय!"

"मग चालू कर. बोर्डातला हायस न्हवं?"

माझा तोल गेला. "दादा, तुला यायचंच नव्हतं. पहिल्यापासनं तुझ्या मनात नव्हतं, म्हणून हे असं अर्धवट करून ठेवलंस. एवढी थोरली नवी बॅटरी अशी कशी बसेल?"

दादानं माझ्याकडे बघितलंच नाही. त्यानं आईकडे बघितलं, आणि आईनं मान हलवली. अगदी थोडी, नको म्हणावं तशी. मला वाटलं, भांडू नका म्हणतेय.

मुल्लाभाई दारात उभे होते. भला माणूस, दुसऱ्याच्या घरच्या भांडणात न बोलणारा. पण आता घसा खाकरून म्हणाले, "भाऊ, गाडी चालू करून बघू का? लागली तर लागली."

त्यांनी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन घरघरलं, इन्व्हर्टरला जीव आला, आणि रेडकू फुसफुसायला लागलं. मी रडू आवरत नळी बदलली आणि सिलिंडरची चावी घट्ट बंद केली.

दादा मात्र पुतळ्यासारखा उभा. "दोन्ही बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. ही बसली असती तर इंजिन कसं फिरलं असतं?" तो स्वतःशीच म्हणाला. "इंजिन फिरवायला लई ताकद लागती. म्हंजे बॅटरी भरलेलीच हाय. मग वीज जाती कुठं?"

विचार करायला सवड मिळालीच नाही. मुल्लाभाईंनी पुढून आवाज दिला, "भाऊ, पाणी तापतंय. उभ्या गाडीला वारा लागत न्हाय. काटा चढाय लागला. लई वेळ चालू ठेवली तर इंजिनच जाईल."

म्हणजे इंजिन चालू ठेवलं तर गाडी जाणार, आणि बंद केलं तर आईचा श्वास.

दादा गुडघ्यावर बसला आणि गाडीच्या कडेनं गेलेल्या त्या एसीच्या वायरीवर त्यानं हात ठेवला. चटका बसावा तसा हात मागे घेतला. पुन्हा ठेवला. मग तसाच खाली बसला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"आयला! नलू, मी गाढव हाय."

"ते नंतर. काय झालं?"

"आम्ही तारेतनं अकरा हजार व्होल्ट कशाला न्हेतो, ठावं हाय? लांब न्यायचं असतंय म्हणून. व्होल्ट जास्त असलं की करंट कमी लागतो, मग बारीक तार बी भागवती. बारा व्होल्टला उलटं. त्याच कामाला ढीगभर करंट. तो ह्या चिमटीएवढ्या वायरीतनं एवढ्या लांब कसा जाईल? वाटंतच आटतोय, वायर तापवतोय. बॅटरी भरलेली, पण हितं टोकाला पोचूस्तवर इन्व्हर्टरला वाटतंय ती रिकामीच हाय. इंजिन चालू असलं की दाब जरा चढतो, म्हणून हितवर निभावलं." तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "जन्मभर हेच केलं मी. पोरांना शिकवलं बी. आन् बारा व्होल्ट म्हणून हिणवलं, त्यानंच नाक कापलं."

"मग आता?"

"आता इन्व्हर्टर उचलायचा आन् बॅटरीच्या मांडीवर न्हेऊन बसवायचा. जाड वायर, हातभर. आन् हीच वायर उलटी वापरायची, इन्व्हर्टरपासनं आईपातुर. तिच्यातनं दोनशे तीस गेलं की तिला कळणार बी न्हाय." तो ओरडला, "मुल्लाभाई, जाड वायर हाय का कसली?"

"जंपर केबल हाय. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून गाडी चालू करायची."

"आणा."

"कापणार न्हवं, भाऊ? भारीतली हाय ती."

"कापणार."

मुल्लाभाईंनी केबल आणून दिली आणि कापताना बघवेना म्हणून ते खाली उतरून उभे राहिले. इंजिन बंद केलं. मी पुन्हा आईला सिलिंडरवर घेतलं आणि त्या काट्यासमोर बसले. बाहेर ट्रकवाले झाडाखाली पत्ते कुटत होते, एक चणेवाला फिरत होता, आणि आमच्या गाडीत माझा भाऊ पालथा पडून स्क्रू काढत होता. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सुटं केलं. मग इन्व्हर्टर पोटाशी धरून पुढे नेला. केबलचे तुकडे केले, टोकं सोलली, तांबं पिळून लुगड्याच्या निऱ्यांसारखं एकसारखं केलं, त्यावर लग नावाच्या धातूच्या टोप्या बसवून हातोडीनं दाबल्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी तोंडाशी घातला. घाई नाही, धडपड नाही. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता तरी त्याला वर सारायला हात मोकळा नव्हता. मी जाऊन सारला.

"हणमंता," आई पलंगावरून म्हणाली, "तुझे बाबा असते तर शिव्या घातल्या असत्या तुला."

"मी बी घालतोय की मनातल्या मनात."

सिलिंडरचा काटा तांबड्या पट्टीत शिरला होता. मी दादाला सांगितलं नाही. सांगून त्याचा हात हलला असता. आई माझ्याकडे बघत होती आणि मी काट्याकडे. शेवटी तिनं माझी हनुवटी धरून तोंड वळवलं आणि म्हणाली, "त्याच्याकडं नको बघूस. माझ्याकडं बघ. मी हाय."

दादानं शेवटचा नट आवळला आणि खटका टाकला. इंजिन बंदच. हिरवा दिवा लागला. रेडकू एकदा घुटमळलं आणि चालू झालं. आम्ही तिघंही कान देऊन बसलो. टीं नाही, शीळ नाही. दादानं जाड केबलीवर हात ठेवला, पातळ वायरीवर ठेवला. दोन्ही थंड. मग तो माझ्या शेजारी येऊन मटकन बसला, आणि मला कळेना ह्याला शिव्या द्याव्या का मिठी मारावी. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. आम्ही लहानपणापासून असंच बोलतो.

रस्ता मोकळा व्हायला दुपार कलली. घाट उतरायला लागलो तशी हवा दमट झाली आणि आईच्या बोलण्यात 'गो' यायला लागलं. आधी एखादा, मग चिपळूण गेल्यावर वाक्यावाक्याला. "बघ गो ती सुपारी. बघ गो कशी वाकलीय." इतकी वर्षं घाटावर काढून तिनं ते कुठे जपून ठेवलं होतं देव जाणे.

मावशी पडवीत बसून होती. गाडीचा आवाज ऐकूनच उठली होती म्हणे, तशीच खांब धरून उभी. दादानं आईला उचलून आत नेलं, मी मागून सिलिंडर आणि रेडकू, आणि रेडकू लगेच भिंतीतल्या प्लगला लावलं. शेजारच्या कुंदानं, जी मावशीचं जेवणखाण बघायची, आधीच खाट अंथरली होती. मावशीनं दोन्ही हात पुढे केले. आईचे केस चाचपले, कपाळ, डोळे. मग बोटं नाकाशी आली आणि नळीवर थांबली.

"हे काय गो नाकात? नथ घातलीस की काय?"

"हो आक्का," आई म्हणाली. "पोरांनी केली."

"जड आहे?"

"आहे जराशी."

"असूदे. नथ म्हटली की जडच," असं म्हणून मावशी तिच्याशेजारी खाटेवर बसली आणि दोघींनी एकमेकींचा हात धरला. मी आणि दादा बाहेर आलो. दादा लगेच मुल्लाभाईंशी बोलायला गेला.

आमचा बेत दोन रात्री राहून परतायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर दादा आणि मुल्लाभाई गाडीतून ती थोरली बॅटरी उतरवत होते. इन्व्हर्टर आधीच पडवीत आला होता.

"अरे, हे काय? उद्या परत जाताना पुन्हा जोडत बसणार का?"

बॅटरी दादानं खाटेच्या डोक्याशी, भिंतीलगत नेऊन ठेवली. इन्व्हर्टर तिच्यावर फळी टाकून बसवला आणि जंपर केबलीचे तेच तुकडे त्यांच्यामध्ये जोडले. मग इन्व्हर्टरमागचा तो प्लग उचलला आणि भिंतीत घातला. बरोबर बसला. मी त्या प्लगकडे बघत राहिले. हा इन्व्हर्टर गाडीसाठी आणलेलाच नव्हता.

"दादा, गाडी परत जाताना आईचं काय?"

"गाडी परत जाईल," दादा म्हणाला. "जुन्या बॅटरीवर चालू हुईल."

"मी आईचं विचारतेय."

"नलू," आतून आई म्हणाली, "हय ये. त्याला नको विचारू. मीच त्याला शपथ घातली होती."

मी गेले. मला आठवतंय, मी खूप बोलले. इथे धड दवाखाना नाही म्हणाले, वारा सुटला की वीज जाते म्हणाले, तुझं कोण करणार, मी काय कमी केलं, लोक मला काय म्हणतील, सगळं म्हणाले. आई ऐकत होती. मावशीही. माझंच बोलणं संपल्यावर मला हुंदका आला.

"तू काय कमी केलंस गो?" आई म्हणाली. "तू सगळं केलंस. पण तू माझ्याकडं बघतेस ना, तेव्हा माझा श्वास मोजतेस. हणमंता पण मोजतो. दिवसरात्र. मग मला बरं असल्याचं नाटक करावं लागतं. दम लागला तरी हसून दाखवावं लागतं. थकले मी त्यानं." तिनं दम घेतला. मावशीचा हात तिच्या हातात होता. "आक्काला दिसत नाही. तिच्यापाशी मला कसा पण श्वास घेता येतो. तोंड वाकडं झालं तरी चालतं. जे काय दिवस असतील ते असे जाऊदेत."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू सोडली असतीस?"

नसती सोडली. हे मला तेव्हाही माहीत होतं.

बाहेर दादानं मेन स्विच खाली ओढला. पंखा गेला, स्वयंपाकघरातला दिवा गेला, कुंदाच्या मिक्सरची घरघर थांबली. रेडकू तेवढं फुसफुसत राहिलं. दादा दारात येऊन उभा राहिला. तो आईकडे न बघता मशीनकडे बघत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. चष्मा पुन्हा खाली घसरला होता. ह्या वेळी मी सारला नाही. मीच रडत होते.

आम्ही दोघं मुल्लाभाईंबरोबर रिकामी गाडी घेऊन परत आलो.

आई तिथे गणपतीपर्यंत राहिली, पुढे दिवाळीही केली आणि थंडी सरता सरता गेली. मधे मी जात होते, दादा तर महिन्याला जायचाच. "बॅटरीचं पाणी बघून येतो," म्हणायचा. बॅटरीत घालायच्या पाण्याची पांढरी कॅन पिशवीत टाकायचा आणि एसटीत बसायचा. दोन दिवस तिथे राहायचा. बॅटरीत पाणी घालायला दोन दिवस लागत नाहीत, पण मी कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा आम्ही दोघंही तिथेच होतो, आणि त्या घरात मशीन शेवटपर्यंत एकदाही थांबलं नव्हतं.

मशीन आम्ही एका दवाखान्याला देऊन टाकलं. इन्व्हर्टर राहिला. दादानं त्याच्या वायरी सोडवून ठेवल्या. मावशीला उजेड काय आणि अंधार काय!

त्याला आता दोन-तीन वर्षं झाली. पण महिन्या-दीड महिन्यानं दादाच्या घरी फोन वाजतोच. कुंदा नंबर लावून देते आणि मावशी खणखणीत आवाजात सांगते, "हणमंता, तुझी ती पेटी पुन्हा ओरडायला लागलीय रे. रात्रभर टीं टीं." दादा कॅन घेतो आणि एसटी धरतो.

गेल्या खेपेला मीही गेले. मावशी आता फार वाकली आहे. पडवीतून आत गेले आणि पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं. इन्व्हर्टरवर धूळ, दिवा मेलेला, वायरींची सुटी टोकं फडक्यात गुंडाळून बाजूला. ती पेटी ओरडणार कुठून? मी दादाकडे बघितलं. तो खाली मांडी घालून बसला होता. बॅटरीचं एकेक बूच काढत होता, आत वाकून बघत होता आणि कॅनमधून अगदी थोडं थोडं पाणी घालत होता.

"सापडला काय रे बिघाड?" मावशीनं खाटेवरून विचारलं.

"सापडला," दादा म्हणाला. "बरं केलंस फोन केलास. फुडच्या महिन्यात परत येऊन बघाया लागंल."